खारवाडीची रेघ

सकाळी साडेनऊला शुभदाबाई पेंडसे नवऱ्याला मऊ भात भरवत होत्या, तेवढ्यात दारात गाडीचा हॉर्न वाजला. पुण्याची गाडी. आत नवरा-बायको, दोन मुलं, आणि मुलांच्या मांडीवर बदकाचं तोंड असलेली हवेची पिवळी रिंग.

"काकू, बीच कुठे आहे हो?" गाडीतल्या बाईंनी विचारलं.

शुभदाबाईंनी वाटी खाली ठेवली. या महिन्यातली ही पाचवी गाडी. खारवाडी हे गाव पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून चारशे दहा मीटरवर. सर्वांत जवळचा समुद्र बाणकोटला, म्हणजे पन्नासेक किलोमीटर लांब. एकतीस वर्षं महाडच्या शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला कोणी बीच कुठे म्हणून विचारावं, तेही या ठिकाणी!

"बीच हरिहरेश्वरला. आल्या रस्त्याने खाली उतरा."

"पण इथे तर बोर्ड आहे."

बोर्ड होता खरा. 'सागर दर्शन होम स्टे. घरगुती जेवण. समुद्र चालत दोन मिनिटे.' तो किशोरने लावला होता. किशोर म्हणजे वरच्या घरातल्या तुळसाबाईचा मुलगा. बारा वर्षं मुंबईत नोकरी करून परत आलेला, आता गावाचं टुरिझम करायला निघालेला. शुभदाबाईंनी त्याला आधीच दोनदा झापलं होतं. "अरे, सागर दाखव मला कुठे आहे तो!" तर हा शांतपणे म्हणतो, "मॅडम, आता ओहटी हाय. श्रावणात येतो ना. सीझनल हाय."

सीझनल समुद्र! शुभदाबाईंनी कपाळाला हात लावला होता.

गाडी पुढे गेली. दुपारी तीच गाडी परत जाताना दिसली. बाईंची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि मागच्या सीटवर धाकटा मुलगा भोकाड पसरून रडत होता. रिंग नव्हती. "वाहून गेली हो," बाई हसत म्हणाल्या, "पण लाटा काय छान होत्या!" शुभदाबाई बघतच राहिल्या. ओढ्यात उतरले असतील. शहरातल्या माणसांना पाणी वाहिलं की लाट वाटते.

या गावात त्या आल्या, त्याला कारण होतं, आणि ते कारण आतल्या खोलीत लोखंडी खाटेवर पडून होतं. कमलाकर पेंडसे तहसील कचेरीतून निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यानंतरच्याच वर्षी, दोन हजार एकवीसच्या जुलैत, सावित्रीला पूर आला. महाडचा माणूस पावसाळ्यात भरतीचं वेळापत्रक भिंतीला लावून ठेवतो, कारण वरून नदी आणि खालून भरती एकाच वेळी आली की गाव बुडतं. त्या दिवशी तसंच झालं. शेजाऱ्यांच्या मदतीने शुभदाबाईंनी खाट दोन टेबलांवर चढवली, तरी पाणी गादीला लागलं. रात्रभर नवऱ्याची पाठ पाण्यात होती आणि त्या त्यांचं डोकं धरून बसल्या होत्या. कमलाकरांना ओरडताही येत नव्हतं. नुसते डोळे उघडे. त्या रात्री शुभदाबाईंनी त्यांच्या कानात सांगितलं होतं, "अहो, परत तुमच्या खाटेला पाणी लागू देणार नाही. माझा शब्द."

महाडचं घर विकलं. नकाशा पुढ्यात घेऊन, नदी, ओढा, दरड सगळं टाळून त्यांनी ही जागा निवडली. घर बांधून व्हायला वेळ लागला, पण गेल्या मार्गशीर्षात दवाखान्यातली ती वजनदार खाट चार गड्यांनी उचलून आत आणली आणि शुभदाबाई पहिल्यांदा निवांत झोपल्या. चारशे दहा मीटर. इथे पाणी यायचं तर जगबुडीच यायला हवी.

आणि शेजार मिळाला तो असा.

मुळात डोंगरावरच्या गावाला खारवाडी नाव कशाला? खार म्हणजे खाडीकाठची खारट जमीन. ते एक असो. पण घराघरात आढ्याला जाळी टांगलेली. कोणी मासे धरत नाही, पण दर पावसाळ्याआधी पुरुष अंगणात बसून जाळी शिवतात. म्हसोबाच्या देवळामागे एक दगडी खुंटा आहे, त्याच्या कमरेला दोर घासून खाच पडलेली. होडी बांधायचा म्हणे. शुभदाबाईंना किनाऱ्याची माहिती नव्हती अशातला भाग नाही. दर सुट्टीत त्या मुलांच्या सहली घेऊन जायच्या आणि प्रत्येक गावाची तऱ्हा वहीत लिहायला लावायच्या. हर्णैला वाळूवर माशांचा लिलाव होतो, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटी बघूनच करतात, श्रीवर्धनला सुपारीच्या वाड्या, वेळासला कासवांची पिल्लं. पाच मैलांवर भाषेचा हेल बदलतो, नारळी पौर्णिमेचं गाणं बदलतं. हे सगळं त्या त्या गावाला शोभतं, कारण तिथे समुद्र आहे. इथे काय आहे? नाचणी!

"तुमची माणसं किनाऱ्याला खलाशी म्हणून गेली असतील पूर्वी," त्यांनी तुळसाबाईला समजावलं होतं. "तिथल्या चालीरीती घेऊन आली. असं होतं. त्याला सांस्कृतिक स्थलांतर म्हणतात."

तुळसाबाई साठीची, काटक, तंबाखू मळत ऐकत होती. "आमी कुठं गेलोच नाय बाई," ती म्हणाली. "तोच गेला."

"कोण?"

"दर्या."

"कधी?"

"माज्या आज्याच्या आज्याच्या टायमाला. मोटी ओहटी झाली. येतो मंग जरा जरा, श्रावणात. आपलं गाव बघून जातो."

पालथ्या घड्यावर पाणी. शुभदाबाईंनी विषय सोडून दिला.

श्रावण लागला तसं घरात एकेक गोष्ट बिघडायला लागली. मिठाच्या बरणीत पाणी सुटलं. पापड मऊ पडले. हे पावसाळ्यात व्हायचंच. खिडकीचे नवेकोरे गज महिन्याभरात गंजले. गज विकणाऱ्याने फसवलं, दुसरं काय! पहाटे सुकटीचा वास यायचा. खाली कोणीतरी सुकट भाजत असेल. न्हाणीत एक खेकडा सापडला. कोकणात पावसाळ्यात खेकडे डोंगरावरही निघतात, यात काही नवल नाही. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. फक्त एवढी कारणं रोज रोज द्यावी लागतात याचाच त्यांना वैताग यायला लागला होता.

कमलाकरांनी मात्र एक नवीन सुरू केलं होतं. दुपारी बाराच्या सुमाराला ते डाव्या हाताने खाटेच्या कडेवर टकटक करायचे. दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा. तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. शुभदाबाईंनी औषधाच्या वेळा बदलून पाहिल्या. एकदा सहज नजर गेली ती फ्रिजवरच्या कागदावर. महाडची सवय सुटत नाही म्हणून इथेही त्यांनी बाणकोटच्या भरतीचं वेळापत्रक चिकटवलं होतं. कमलाकरांची टकटक त्या कागदाप्रमाणे चालली होती. त्यांच्या खाटेवरून फ्रिज दिसत नव्हता. शुभदाबाईंनी तो कागद काढून खणात टाकला आणि खण जोरात लावला.

पौर्णिमेला आठ दिवस असताना तुळसाबाई वाडगाभर गेरू घेऊन आली आणि न विचारता घराच्या जोत्यावर, उंबऱ्याच्या चार बोटं खाली, लाल रेघ मारायला लागली. गावातल्या प्रत्येक घराला ती रेघ होतीच. घराला वळसा घालून, अखंड. शुभदाबाई बाहेर आल्या तेव्हा तीन बाजू झाल्या होत्या.

महाडच्या घरात पूर ओसरल्यावर भिंतीवर अशीच तांबूस रेघ राहिली होती. तीन हात रंग दिला तरी वर यायची. तिथे लोक आपापल्या भिंतींवर साल लिहून अशा रेघा जपतात. शुभदाबाईंनी त्या रेघेपायीच ते घर सोडलं होतं, आणि ही बाई ती इथे आणून काढत होती!

"पुसा ते!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की तुळसाबाईच्या हातातलं फडकं पडलं.

"बाई, पुनवंला पानी येल."

"येऊ दे नाहीतर जाऊ दे. माझ्या घरावर पुराची रेघ नको."

"पुराची नाय हो. पानी कुठवर चढंल त्याची रेघ नाय ही. पानी कुठं थांबंल त्याची हाय."

"एकच ते!"

"एक कसं असंल?" तुळसाबाई शांतपणे म्हणाली. "मानूस सांगतो, मंग ते ऐकतं. रेघ नसंल तर त्याला कसं कळंल?"

शुभदाबाईंनी ब्रश आणि साबण घेतला आणि तिच्यादेखत जोतं घासून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ पुन्हा होती. त्यांनी पुन्हा घासली, आणि वर जाऊन तुळसाबाईला नाही नाही ते बोलल्या. अडाणी म्हणाल्या. नंतर त्याचं त्यांना वाईट वाटलं, पण त्या वेळी त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तुळसाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग त्या दिशी सायबांना आमच्याकडं आना. चार गडी देते."

"काही गरज नाही," शुभदाबाई म्हणाल्या.

हे दर्याचं प्रकरण काय आहे ते त्यांना पौर्णिमेच्या सकाळी कळलं, तेव्हा त्यांना हसूच आलं. खिडकीतून खालची दरी दिसत नव्हती. धुक्याने काठोकाठ भरली होती. पांढरं, सपाट, लांबवर पसरलेलं, मधूनमधून डोंगरांची टोकं वर आलेली, बेटांसारखी. हाच तो यांचा दर्या! धुकं! किशोरच्या गिऱ्हाइकांच्या पँटी भिजतात त्या दवाने. इतकं सोपं होतं. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि त्यांनी नारळीभाताला तांदूळ धुतले.

साडेअकराला गाव खाली निघालं. पुढे तुळसाबाई, हातात सोनेरी कागद लावलेला नारळ. शेवटच्या खाचराच्या बांधावर सगळे थांबले. तिथून खाली सरळ कडा होता, दोनशे फुटांचा. तुळसाबाईने नारळ कपाळाला लावला आणि धुक्यात सोडला.

शुभदाबाई खिडकीत उभ्या होत्या. नारळ खडकावर फुटल्याचा आवाज त्यांना अपेक्षित होता. त्यांनी मनात सेकंद मोजले. गुरुत्वाकर्षणाने तीन, फार तर चार.

एक मोजताच आवाज आला. डुबुक.

गाव लगबगीने परत फिरलं. माणसं आपापल्या ओट्यावर पाय वर घेऊन बसली. तुळसाबाईने जाताना पेंडशांच्या फाटकात गेरूचा वाडगा ठेवला आणि खिडकीकडे एकदा पाहिलं.

आत टकटक सुरू झाली.

"अहो, पुरे!" शुभदाबाई म्हणाल्या. टकटक थांबली नाही.

धुकं वर येत होतं. धुकं वर येताना फाटतं, लोंबतं, हे त्यांनी मुलांना शिकवलं होतं. हे फाटत नव्हतं. त्याचा वरचा काठ ताटातल्या पाण्यासारखा सपाट होता. खाचरामागून खाचर बुडालं. समोरच्या भिकाजीच्या घराला ते लागलं, जोत्यावर चढलं, लाल रेघेला टेकलं.

आणि थांबलं.

पलीकडच्या घरापाशीही थांबलं. त्याच्या पलीकडेही. तिरक्या उतारावरची बारा घरं, प्रत्येकाची रेघ वेगळ्या उंचीवर, आणि प्रत्येक रेघेपाशी ते थांबलं होतं.

शुभदाबाई दाराकडे धावल्या.

उंबऱ्यावरून ते आत आलं. आवाज न करता. दाराशी त्यांच्या चपला होत्या, त्या आधी जरा हलल्या, मग उचलल्या गेल्या आणि हळूहळू तोंड फिरवून आत यायला लागल्या.

पावलं गार पडली. त्यांनी वाकून हात लावला. हात कोरडा होता.

त्या आतल्या खोलीत आल्या तेव्हा खाटेचे पाय दिसत नव्हते. त्यांनी खाटेच्या पायथ्याचं हँडल धरून डोकं वर उचलायला सुरुवात केली. एक फेरा. दोन फेरे. पांढरं गादीला लागलं. कमलाकर त्यांच्याकडे बघत होते, डोळे उघडे, अगदी तसेच.

"नाही हो, हे पाणी नाही," त्या म्हणाल्या. "धुकं आहे. घाबरू नका. नुसतं धुकं आहे."

मग काहीच दिसेना. कानात पाणी गेल्यावर येतो तसा आवाज तेवढा राहिला. जिभेवर खारट चव आली.

हातातलं हँडल सरकलं.

त्यांनी घट्ट धरलं. ते ओढ घेत होतं. दाराच्या दिशेने.

"अहो!"

बोटं सुटली. त्यांनी चादर पकडली, चादर हातात आली. पुढे हात फिरवला, तिथे काही नव्हतं.

किती वेळ गेला, त्यांना सांगता आलं नाही. धुकं उतरलं ते आलं तसंच, सपाट. आधी छत दिसलं, मग खिडकी, मग फरशी. फरशी कोरडी होती. भिंतीवर ओल नव्हती, रेघ नव्हती. कोपऱ्यात बदकाचं तोंड असलेली पिवळी रिंग पडली होती.

खाट दारात होती. उचलायला चार गडी लागलेली लोखंडी खाट, दोन खोल्या ओलांडून, उंबऱ्यावर अर्धी बाहेर. फरशीवर ओढल्याचा एक ओरखडा नव्हता. पायथा बाहेर, दरीच्या दिशेने, उशी आत. कमलाकर तिच्यावर होते, जिवंत, कोरडे. त्यांनी दाराची चौकट धरली होती.

उजव्या हाताने.

पाच वर्षांत त्या हाताचं एक बोट हललं नव्हतं.

शुभदाबाई रडल्या नाहीत. त्या खाटेखालून वाकून बाहेर गेल्या, फाटकातला वाडगा उचलला आणि जोत्यावर रेघ मारायला लागल्या. रेघ वाकडी होत होती, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. घराला पूर्ण वळसा घालून त्या पहिल्या टोकाशी आल्या, तर तिथला गेरू ओघळून खाली उतरला होता. जोतं, त्यांनी स्वतः दोनदा घासून काढलेलं, गेरू धरत नव्हतं.

तुळसाबाई येऊन मागे उभी राहिली होती. बरोबर किशोर आणि तीन गडी.

"सुकाय लागते बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "आठ दिस."

"यांना वर तुमच्या घरी न्या," शुभदाबाई म्हणाल्या. "मी चुकले. पाया पडते, पण यांना न्या."

गड्यांनी खाटेला हात लावला. कमलाकरांचा हात सुटेना. किशोरने एकेक बोट सोडवून पाहिलं, बोटं लाकडात रुतल्यासारखी होती. कमलाकरांच्या घशातून बारीक आवाज निघाला, पाच वर्षांतला पहिला, तसा किशोरने हात काढून घेतला.

"चौकट कापू का, मॅडम?"

"नको रे," तुळसाबाई म्हणाली. "तीच धरलीय त्यांनी. ती नेलीस तर काय धरतील?"

खाली दरी स्वच्छ दिसत होती, हिरवीगार, ऊन पडलेलं. भिकाजीच्या घरातून नारळीभाताचा वास येत होता.

शुभदाबाईंनी घड्याळात पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं. खणातला कागद काढून बघायची गरज नव्हती. दरवर्षी आठवीच्या वर्गात त्या हे फळ्यावर लिहीत असत. भरती दिवसातून दोनदा येते, दर बारा तास पंचवीस मिनिटांनी.

त्या उंबऱ्यावर, खाटेला टेकून, खाली बसल्या. साडीचा पदर खाटेच्या पायाला बांधला, गाठ ओढून पाहिली. मग हात वर करून, नवऱ्याच्या बोटांशेजारी, त्यांनीही चौकट धरली.